चावी दिली आणि चोर ठरवला

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. घरच्यांना हे पाठ आहे. विषय निघाला की बायको आधी बीपीची गोळी पुढं करते आणि मग म्हणते, "हं, आता सांगा." बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाने भावाचा बांध कोरताना पाहिला. त्यातल्या बहुतेकांवर आज माझा राग नाही. या प्रकरणात ना खून होता ना दरोडा. एका चांगल्या माणसाने आपल्या मित्राला गाडीची चावी दिली आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याला चोर म्हणून लिहून दिलं, तेही गाडीतच पडून असलेला विम्याचा कागद एकदाही न वाचता. नावं मी कुणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा जालना जिल्ह्यात गोदाकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शहागडचा पूल आणि त्याच्या अलीकडचा हायवेचा बराच पट्टा आमच्या हद्दीत. उसाचा हंगाम सुरू झाला की आमचं निम्मं काम वाहतुकीचं. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंकुशनगरच्या दिशेने रांगेने जायचे. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. दर सकाळी हजेरी झाली की मी दोन शिपाई नुसते ट्रॉल्यांना लाल कापड बांधायला पाठवत असे. लोक हसायचे. हसू द्या म्हणायचो.

त्या दिवशी मी कोर्टात साक्षीला गेलो होतो. सकाळी दहाच्या सुमारास एका पांढऱ्या कारने ट्रॅक्टरला ओलांडताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला धडक दिली. बाई ऊसतोड मजूर. ट्रॉलीतून पडलेलं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बैलांसाठी गोळा करत होती. तिच्या उजव्या पायावरून चाक गेलं. कार चालवणारा पळाला नाही. त्याने येणारी जीप अडवली, बाईला उचलून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून पोलिसांना फोन केला, गाडीपाशी परत आला आणि मग स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन बसला. शर्टावर तिचं रक्त वाळलेलं होतं.

हा माणूस तीर्थपुरीकडच्या एका खेड्यातला. बौद्ध कुटुंबातला, आईबाप मजूर, घरात शिकून वर आलेला पहिलाच. एका संस्थेच्या शाळेत शिक्षणसेवक होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर शिकवायचं आणि चारित्र्य, काम, सगळं ठीक असेल तर मग कायम व्हायचं. त्याचे चार महिने उरले होते. बहिणीला सातवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तो तिला आणायला तिच्या सासरी निघाला होता. एसटीत हाडं खिळखिळी होतात, गरोदर पोरीला कसं आणायचं, म्हणून गाडी मागून आणली होती. ही सगळी माहिती ठाणे अंमलदाराने दुपारीच टिपून ठेवली होती. त्या जबाबात एक ओळ होती: 'गाडी माझ्या मित्राची असून त्याने मला वापरण्यास दिली आहे. माझ्याकडे चालू लायसन्स आहे.'

मी साडेपाचला ठाण्यात पोचलो तेव्हा माझ्या खोलीत गाडीचा मालक बसलेला. मास्तरच्याच गावातला बागायतदार, जुन्या जमीनदार घरातला, वय तिशीचं. सोबत त्याचा चुलता. चुलता तालुक्यात वजन असलेला माणूस. मी 'या, बसा' म्हणालो, चहा मागवला. मालकाने फिर्याद दिली की सकाळी घरासमोर लावलेली गाडी आपल्याला न विचारता नेण्यात आली, चावी ओसरीतल्या खिळ्याला होती, आपण शेतात होतो, दुपारी बाराला घरी आल्यावर गाडी नसल्याचं कळलं. संशय? संशय नाही, खात्रीच. मास्तरनेच नेली.

दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद आली की नोंदवावी लागते. नोंदवली. अपघाताचा गुन्हा आधीच दाखल होता, आता चोरीचा दुसरा दाखल झाला. आणि मी बाहेर येऊन बाकावर बसलेल्या त्या पोराला विचारलं, "काय रे, गाडी न विचारता घेऊन गेलास?"

मालकाला मी अहो-जाहो केलं होतं. याला अरे-तुरे. दोघे एका वयाचे, एका शाळेत एका बाकावर शिकलेले. मला त्या वेळी त्यात काही खटकलंही नाही, आणि आज जे जे खटकतं त्यात हे पहिलं आहे. ठाण्यातही कुणी चकित झालं नाही. मास्तरने गाडी चोरली म्हटल्यावर एकानेही मान वर करून 'कसं शक्य आहे?' असं विचारलं नाही. का विचारलं नाही, ते मला ठाऊक आहे आणि वाचणाऱ्यालाही कळेल.

तो उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"साहेब, चावी त्यानं माझ्या हातात दिली. न्हाई म्हणत असंल तर त्याला हितं बोलवा. माझ्याकडं बघून म्हणू द्या."

मी मालकाला बाहेर बोलावलं. चुलताच पुढं आला. म्हणाला, पोराची मनःस्थिती ठीक नाही, बिलकुल जेवला नाही, उद्या बोलू. आणि मालक मास्तरकडे पाठ करून पायऱ्या उतरून गेला. तीस वर्षांच्या नोकरीत एवढं तर शिकायला हवं होतं की पाठ फिरवणाऱ्याकडे आधी बघावं. पण मी कंटाळलो होतो, कोर्टात दिवस गेला होता. कायद्याप्रमाणे अटकेची गरज नव्हती, मी मास्तरला हजर राहण्याची नोटीस दिली आणि घरी जाऊ दिलं. मनात म्हटलं, आपण फार न्यायाने वागलो.

सकाळी हजेरी घेतानाच कळलं की मास्तरचा बाकावर बसलेला फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय. खाली ओळ: 'शिक्षकच निघाला गाडीचोर.' फोटो आमच्याच ठाण्यातून निघाला होता. कोणी काढला ते मी दहा मिनिटांत शोधलं आणि त्या शिपायाची जी हजेरी घेतली ती त्याने जन्मात विसरू नये. पण फोटो परत येत नसतो. अकरा वाजता शाळेच्या संस्थेतून ठाण्यात फोन आला, गुन्ह्याची प्रत पाहिजे म्हणून.

त्याच सकाळी मला खबर मिळाली. अपघात झाला त्याच फाट्यावर एक पंक्चरवाला होता, माझा जुना ओळखीचा. खबरी म्हणवून घ्यायला त्याला आवडायचं नाही, 'मी फकस्त बघतो' म्हणायचा. जीपच्या चाकात हवा बघायच्या निमित्ताने मी थांबलो. तो चाकाशी बसल्या बसल्या बोलला, माझ्याकडे न बघता.

"काल गाडीचा मालक साडेअकरालाच हितं आल्ता, साहेब. मास्तरच्या खांद्यावर हात ठिवून म्हणला, तुला लागलं तर न्हाई ना? मंग मास्तर ठाण्यात गेल्यावर विम्याचे कागद करणारा आला. दोघं तासभर बसले त्या टपरीत. कागदवाल्याची शिकवणी चालू होती."

मी म्हटलं, हे कागदावर देशील का? तो म्हणाला, दुकान मालकाच्या चुलत्याच्या जागेत आहे. मी जीपमध्ये बसलो. बाराला गाडी गेल्याचं कळलेला माणूस साडेअकराला अपघाताच्या जागी कसा होता, एवढं मला पुरेसं होतं.

आता साक्षीदार नाही म्हणजे वस्तू बघायच्या. मी आदल्या दिवसाचा पंचनामा मागवला. पंचनामे कुणी वाचत नाही. लिहिणारा लिहितो, पंच सह्या करतात, कागद फायलीत जातो. आमचा लेखनिक हवालदार मात्र जुन्या वळणाचा, गाडीतली काडेपेटीसुद्धा सोडायचा नाही. त्याने डिक्कीतल्या वस्तू लिहिल्या होत्या: स्टेपनी एक, जॅक एक, नवा टॉवेल एक, स्टीलचा तीन खणी डबा एक, त्यात खाद्यपदार्थ, डब्यावर नाव कोरलेले.

गाडी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी होती. मी दोन पंचांसमोर डिक्की उघडली. डबा कापडात बांधलेला. वरच्या खणात ज्वारीचे धपाटे, मधल्यात शेंगदाण्याचे लाडू, खालच्यात चिंचेची आंबटगोड चटणी. धपाट्यांना वास यायला लागला होता. आपल्याकडे पंगतीत भांडी मिसळतात म्हणून भांड्यावर नाव कोरून घेतात, मास्तर आणि मालक दोघांच्याही घरात ही रीत. या डब्यावर बाईच्या नावापुढं मालकाच्या वडिलांचं नाव आणि आडनाव होतं, म्हणजे डबा मालकाच्या आईचा.

चोर गाडी चोरताना मालकाच्या आईकडून डबा भरून घेतो होय? मी तिथंच उभ्या उभ्या एक शिवी दिली. पंच गोंधळले. त्यांना वाटलं त्यांनाच दिली.

तरी मी घाई केली नाही. मालक म्हणू शकला असता की डबा गाडीतच असायचा. मी महिला शिपायाला घेतलं, डबा घेतला आणि मुद्देमालाची ओळख पटवायची म्हणून त्याच्या घरी गेलो. मोठं घर, पुढं ट्रॅक्टर, मागं गोठा. मालक अंगणातच होता, आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. तो काही बोलायच्या आत त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली. पासष्टीची बाई. चोरीची फिर्याद घरातल्या बाईमाणसांना कुणी सांगितलेलीच नव्हती. तिला अपघात तेवढा माहीत होता.

मी अजून एक शब्द विचारला नव्हता. डबा बघितला आणि तीच म्हणाली, "म्हंजी हा पोरीला पोचलाच न्हाई का?"

माझी महिला शिपाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, कुठल्या पोरीला, आई? मग तिने सांगितलं. मास्तरची बहीण लहानपणी आईबरोबर यांच्या शेतात खुरपायला यायची. चिंचेची चटणी तिला फार आवडायची. आता तिला डोहाळे लागलेत कळल्यावर हिने पहाटे उठून डबा केला. गाडी निघताना स्वतः डिक्कीत ठेवला. लेकाने चावी मास्तरच्या हातात दिली आणि वर सांगितलं की दुसरा गिअर जरा अडकतो, सावकाश टाक. एवढं सगळं ती सहज सांगत होती, घरातलं जेवणखाण सांगावं तसं. मी विचारलं, हे लिहून घेऊ का? ती म्हणाली, घ्या की, त्यात काय लपवायचंय.

मग तिला लेकाचा चेहरा दिसला. तिने मला विचारलं की लिहायचं कशाला, आणि मी सांगितलं. फिर्यादीतलं एक वाक्य वाचून दाखवलं.  ती लेकाला म्हणाली, "तू त्याला चोर लिवून आलास? माझ्या हातचा डबा त्याच्यापाशी असताना?" आणि आत निघून गेली. जबाबावर सही करायला पुन्हा बाहेर आली तेव्हा लेकाकडे तिने पाहिलं नाही.

मालकाला मी ठाण्यात आणलं. पंधरा मिनिटांत सगळं बाहेर आलं. मारायची, ओरडायची गरज पडली नाही. ओरडलो ते नंतर.

तो म्हणाला, कागदवाल्याने सांगितलं की विमा तुमच्या नावावर आहे, गाडी तुम्ही चालवत असाल तरच लागू होतो. दुसऱ्याच्या हातात होती म्हटलं की कंपनी हात वर करणार. बाईचा पाय गेला म्हणजे सगळा खर्च तुमच्या गळ्यात, कोर्ट वावर विकायला लावेल. एकच रस्ता, गाडी चोरीला गेली म्हणा. मग तुम्ही मोकळे, गाडीचं नुकसानही मिळेल. मी विचारलं, आणि मास्तरचं काय होईल, याचा विचार केला नाही? तो खाली बघून म्हणाला, "कागदवाला म्हणला, मास्तरला काय, जामीन होऊन जाईल, जास्तीत जास्त मिटवून घेऊ. मी घाबरलो, साहेब. वावर जाईल म्हणला तो."

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याचं वावर वाचावं म्हणून त्याची नोकरी गेली तर चालेल! ह्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वीस एकरांपुढं त्याची तीन वर्षांची मेहनत म्हणजे काहीच नाही! मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. चुलता मध्ये पडायला आला, त्यालाही बाहेर काढलं. नंतर वरून एक-दोन फोन आले. मी सांगितलं, आईचा जबाब रेकॉर्डवर आहे, आता माझ्या हातात काही नाही. हे खोटं नव्हतं.

मग मी गाडीच्या कप्प्यातून जप्त केलेला विम्याचा कागद काढला. खरं सांगतो, तोवर मलाही पक्कं माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत शेकडो अपघातांत पॉलिसीची झेरॉक्स फायलीला लावली, पण वाचली कधी नाही. कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. चष्म्यावर भिंग धरून वाचलं. 'चालक' या मथळ्याखाली सरळ लिहिलेलं होतं: विमाधारकासह कोणतीही व्यक्ती, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध लायसन्स हवं आणि ते रद्द झालेलं नसावं. मी अंबडला अपघाताचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांना फोन लावून खात्री केली. ते हसले. म्हणाले, साहेब, विमा गाडीला असतो. मालकाने राजीखुशीने दिली, चालवणाऱ्याकडे लायसन्स आहे, भाड्याने लावलेली नाही, तर त्या बाईची भरपाई कंपनीला द्यावी लागेल. गाडीचंही मिळेल. मालकाने खरं सांगितलं असतं तर त्याच्या एका ढेकळालाही धक्का लागला नसता.

मी ते वाक्य मालकाला मराठीत वाचून दाखवलं. दोनदा. त्याने कागद हातात घेऊन बघितला. चार वर्षं तो कागद त्याच्या गाडीत होता. दरवर्षी नवा यायचा, जुना काढून नवा ठेवायचा. उघडला कधी नाही. तो रडला. मला त्याची दया आली नाही, आणि आज सांगताना लाजही वाटत नाही.

आता कागदवाला. हा कुठल्या कंपनीचा माणूस नव्हता. फाट्यावर टेबल टाकून गाड्यांचे विमे काढून द्यायचा, क्लेमचे कागद भरून द्यायचा, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा. बोलवल्यावर बिनधास्त आला. "मी फकस्त सल्ला दिला, साहेब. फिर्याद त्यांची, सही त्यांची." उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी पॉलिसी त्याच्यापुढं सरकवली आणि म्हटलं, मालकानेच चालवली पाहिजे असं कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखव. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला. मी विचारलं, किती वर्षं हे विकतोस? म्हणाला, बारा-तेरा. वाचलंस कधी? म्हणाला, "वाचायला टाइम कुठं भेटतो, साहेब. लोकं जल्दी करतात."

बारा-तेरा वर्षं हा माणूस लोकांना न वाचलेला कागद विकत होता आणि न वाचलेल्या कागदावर सल्ले देत होता. याच्या आधी किती जणांनी याच्या सल्ल्याने चालकाचं नाव बदललं असेल, म्हाताऱ्या बापाला स्टिअरिंगवर बसवलं असेल, कोण जाणे. एकदा खोटं लिहून दिलं की कंपनीला खरोखर हात वर करायला कारण मिळतं. जिथं पैसे मिळणार होते तिथं आपणच आपल्या पायावर धोंडा मारायचा, आणि मारायला सांगणाऱ्याला वर वाटा द्यायचा. त्याच्यावर आणि मालकावर, दोघांवरही खोटी माहिती दिल्याबद्दल कोर्टात तक्रार पाठवली. चोरीच्या गुन्ह्यात मी 'ब' समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी असल्याचा. कोर्टाने तो मान्य केला.

ऊसतोड बाईचा पाय वाचला नाही. घोट्याच्या वरून काढावा लागला. मात्र मालकाचा खरा जबाब आल्यावर तिच्या दाव्यात कंपनीला वाद घालायला जागा उरली नाही आणि तिला भरपाई मिळाली. पुढच्या हंगामात ती फडावर आली नाही. गावी तिने शिलाई मशीन घेतल्याचं मुकादमाने सांगितलं. मास्तरने अपघाताचा गुन्हा कधीच नाकारला नाही. ट्रॅक्टरच्या मागून निघताना घाई केली, चूक माझी, असं कोर्टात उभा राहून म्हणाला, दंड भरला. बहिणीला शेवटी मामाने एसटीनेच आणलं.

निवृत्तीनंतर लोक मला कार्यक्रमांना बोलावतात आणि विचारतात, साहेब, काय सल्ला द्याल? मी हाच देतो. दुसऱ्याची गाडी घ्या, खुशाल घ्या, आपल्याकडे ती रीत आहे आणि चांगली आहे. पण घेताना विमा चालू आहे का बघा, स्वतःचं लायसन्स संपलं नाही ना बघा. देणाऱ्याने घेणाऱ्याचं लायसन्स डोळ्यांनी बघावं, लाज वाटू देऊ नये, कारण लायसन्स नसलेल्याला दिली तर मात्र कंपनी पैसे मालकाकडून वसूल करू शकते. खाजगी गाडी भाड्याने लावू नका. मालकाचा स्वतःचा अपघात विमा त्याच्यापुरताच असतो. मागून आणलेल्या गाडीत चालवणाऱ्याला काही झालं तर त्याच्या घरच्यांना त्यातून मिळेल असं धरून चालू नका, त्याने स्वतःचा वेगळा काढावा. आणि काहीही झालं तरी चालवणारा जो होता तोच सांगा. लोक माना डोलावतात. घरी जाऊन कागद किती जण उघडतात, देव जाणे.

पण हे प्रकरण मला विम्यासाठी आठवत नाही.

चार महिन्यांनी मास्तरच्या कायम होण्याची वेळ आली आणि संस्थेने चारित्र्याचा दाखला मागितला. त्याचा अहवाल आमच्याच ठाण्यातून जायचा होता, म्हणजे माझ्याकडून. कारकुनाकडे न देता मी स्वतः लिहिला. चोरीचा गुन्हा दाखल झाला होता, तपासात फिर्याद खोटी निघाली, कोर्टाने मान्य केली, त्यात सदर इसमाचा काहीही दोष नाही. शेवटचं वाक्य अधोरेखित केलं. मला वाटलं, आपण भरपाई केली. संस्थेने तो कागद दोनदा परत पाठवला आणि मग 'आणखी एक वर्ष बघू' म्हणून त्याला सेवकच ठेवला. वर्षभर अर्ध्या पगारावर, न केलेल्या चोरीपायी. मी संस्थेत जाऊन भांडलो. ते म्हणाले, साहेब, आमचं काही म्हणणं नाही, पण पालक बोलतात.

दाखल्याची प्रत न्यायला मास्तर स्वतः आला होता. मी उभा राहिलो, 'या, बसा' म्हणालो. तो बसला नाही. कागद पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "तुम्ही चांगलं लिहिलंय, साहेब. पण चोरी हा शब्द पहिल्या ओळीत हाय आन् खोटी हा तिसऱ्या. वाचणारा पहिल्या ओळीतच थांबतो. तुम्ही पण थांबलाच होता की."

 मी चहा मागवला. तो म्हणाला, शाळा दुपारची आहे, उशीर होईल. आणि बसस्टँडकडे चालत गेला.